श्रीमान जंपरराव यांस खुले पत्र

श्रीमान जंपरराव,
स्वयंघोषित तांत्रिक सल्लागार, पूर मदत पथक,
मुक्काम मयूर विहार, दिल्ली



पावसाळ्याच्या तोंडावर वजिराबादच्या वरच्या अंगाला आपल्या मंडळाच्या बोटीचा सराव झाला. त्या दिवशी बसलेल्या बॅटरीला जंपर मारून, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज वायरीने देऊन, आपण इंजिन चालू करून दाखवलंत. पुढच्या सभेत त्याबद्दल आपल्याला नारळ मिळाला, शाल मिळाली, टाळ्या मिळाल्या. त्या टाळ्यांत माझे हात नव्हते. राहिलेली ती दाद आज पत्राने पाठवतो आहे. चार लोकांसमोर पाठवतो आहे, कारण आपण जे केलंत तेही चार लोकांसमोर केलंत, आणि त्यातल्या निदान तिघांना आता ते स्वतःलाही जमेल असं वाटू लागलं आहे.

पहिलं अभिनंदन आपल्या निदानाचं. आपण किल्ली फिरवलीत, काहीच आवाज आला नाही, आणि श्वासही न घेता निकाल दिलात, "बॅटरी गेली." डॉक्टर निदान नाडी बघतो. आपल्याला तेवढीही गरज पडली नाही. गिअरचा दांडा पुढे ढकललेला होता, महाराज. दांडा न्यूट्रलला नसला तर सेल्फ फिरूच नये, ही सोय इंजिन बनवणाऱ्यांनी जाणूनबुजून केलेली असते. गिअरमध्येच चालू झालेलं इंजिन बोट एकदम पुढे फेकतं, उभा माणूस पाण्यात पडतो आणि मागे पंखा फिरत असतो. त्या सोयीने आपल्याला अडवलं होतं. आपण तिलाच बिघाड म्हणालात.

किल स्विचची लाल दोरी कुठे होती, हे विचारण्याचं धाडस मी तेव्हाही केलं होतं. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची ती दोरी आपल्या मोबाइलच्या गळ्यात होती. तिची क्लिप जागेवर नसली तर सेल्फ कितीही फिरवा, इंजिन धरत नाही. बॅटरीचा मुख्य स्विच, फ्यूज, टर्मिनलचे नट, त्यावर साठलेली पांढरी-हिरवी पूड, हे सगळं बघायला दोन मिनिटं लागतात. कितीतरी 'गेलेल्या' बॅटऱ्या त्या दोन मिनिटांत परत येतात, पुष्कळदा नुसता नट आवळून. पण आपला वेळ मोलाचा.

दांडा न्यूट्रलला आणला, दोरी लावली, किल्ली फिरवली, तेव्हा टक्-टक्-टक् असा आवाज आला. म्हणजे बॅटरी खरोखरच बसलेली होती. हे श्रेय मात्र कुणी हिरावून घेऊ नये, कारण ती बसवलीही आपणच. आदल्या संध्याकाळी बोटीवरच्या सर्चलाइटच्या उजेडात आपण सभासदांचे फोटो काढलेत, त्याच बॅटरीवर स्पीकर लावलात आणि दिवा तसाच ठेवून घरी गेलात. भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साडेबारा व्होल्टच्या थोडं वर दाखवते. १२ च्या खाली आली की ती रिकामीच समजायची. आपल्या बॅटरीत सकाळी काय उरलं होतं, ते बघायला मल्टिमीटर लागतो. तो खोक्यात होता. खोक्यावर आपण बसला होतात.

पुढचे आभार वीज मिळवून दिल्याबद्दल. आपण प्रथम रस्त्यावरचा ट्रक थांबवायला निघालात. ट्रकची आणि बसची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची असते, दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. बोटीचं इंजिन १२ व्होल्टचं. ट्रकवाला थांबला नाही. दिल्लीत कुणी कुणासाठी थांबत नाही, अशी आपली नेहमीची तक्रार असते. त्या दिवशी दिल्लीचा तोच स्वभाव आपल्या कामी आला.

मग आपली दृष्टी ई-रिक्षावर गेली. मेट्रो स्टेशनाबाहेर दाटीवाटीने उभ्या असतात त्यातली एक, सरावाला सामान घेऊन आली होती. मागची सीट उचलून आपण दोन टोकांच्या टर्मिनलांना चिमटे लावायला वाकलात, आणि त्या पोराने आपला हात धरला. "अंकलजी, चार बैटरी हैं इसमें, अड़तालीस वोल्ट है, फुँक जाएगा सब." तो शाळेत किती शिकला मला माहीत नाही. आपल्या ओळखपत्रावर 'सल्लागार' लिहिलं आहे, त्याच्या गळ्यात ओळखपत्रच नव्हतं. त्याने सगळ्या जोडण्या सोडवल्या, चारांतली एक बॅटरी बाहेर काढली आणि खांद्यावर घेऊन चिखलातून बोटीपर्यंत आणून दिली. एकटी बॅटरी १२ व्होल्टचीच असते, तेव्हा तिच्यावर काम होण्यासारखं होतं. सभेत आपण त्याचं नाव घेतलं नाहीत. शाल एकच होती, हे मी समजू शकतो.

आपली जंपर वायरही दर्शनीय होती. करंगळीपेक्षा बारीक, लांबी मात्र गच्चीवर कपडे वाळत घालण्याइतकी. सेल्फ फिरताना शंभर अँपिअरच्या पुढे प्रवाह खेचला जातो. बारीक आणि लांब वायर तो प्रवाह इंजिनापर्यंत पोचू देत नाही, स्वतःच तापते आणि तिचं आवरण मऊ पडतं. वायर जाड हवी, आखूड हवी, आतली तार तांब्याची हवी, चिमटे दातेरी आणि घट्ट हवेत. स्वस्तात मिळणाऱ्या पुष्कळ वायरींचं रबर जाड असतं आणि आत अॅल्युमिनियमचे चार केस. वरून बघून ते कळत नाही. हातात धरून वजन केलं की कळतं.

इथवर मी आपली थट्टा केली. पुढचं मात्र माझ्याने थट्टेत लिहिवत नाही, तरी शिष्टाचार सोडणार नाही.

आपल्या शेवटच्या चिमट्याबद्दल मी आपला जन्मभर ऋणी राहीन. तीन चिमटे लागले होते. चौथा, काळा, आपण बसलेल्या बॅटरीच्याच ऋण टर्मिनलला टेकवलात आणि लख्ख ठिणगी उडाली. "करंट आला!" म्हणून आपण हसलात. त्या बॅटरीपासून हातभर अंतरावर फळीखाली पेट्रोलची टाकी होती, तिच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा होता, आणि रात्रभर बोटीवर ताडपत्री घट्ट बांधलेली होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचते आणि वाट बघते. हवेत शेकडा दीड भाग वाफसुद्धा पेट घ्यायला पुरते. दुसरीकडे, शिसं आणि तेजाबाची बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि तो हवेत शेकडा चार झाला की ठिणगीची वाट बघतो. ई-रिक्षाची ती बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून नुकतीच आली होती. म्हणजे वर हायड्रोजन, खाली पेट्रोल, मध्ये आपण आणि आपलं हास्य.

त्या दिवशी काही झालं नाही. त्यात आपलं कसब नव्हतं. नदीवर वारा होता, एवढंच.

म्हणून हात जोडून विनवतो. पुन्हा कधी वेळ आलीच, तर आधी ताडपत्री काढा, फळ्या उचला, बोटीच्या तळाला वारा लागू द्या, आणि नाकाने बघा. पेट्रोलचा वास येत असेल तर वायर पिशवीतून बाहेरच काढू नका. टाकीचा स्क्रू बंद करा, टाकी शक्य तितकी दूर सरकवा. मग लाल चिमटा बसलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, लालचं दुसरं टोक भरलेल्या बॅटरीच्या धनला, काळा चिमटा भरलेल्या बॅटरीच्या ऋणला, आणि काळ्याचं शेवटचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला, रंग न लागलेल्या एखाद्या जाड बोल्टला, बॅटरीपासून आणि टाकीपासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब. ठिणगी उडायची ती शेवटच्या जोडणीला उडते. ती उडणारच. ती कुठे उडावी, एवढंच आपल्या हातात असतं. काढताना उलट क्रमाने, इंजिनावरचा काळा सगळ्यात आधी.

जोडणी मोटारगाडीवरून करायची झाली, तर गाडीचं इंजिन बंद ठेवा. गाडीच्या आल्टर्नेटरचा झटका बोटीच्या इंजिनातल्या नाजूक सर्किटला कशाला द्यायचा? आणि लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर पश्चात्तापालाही वेळ मिळत नाही. डोळ्याचं पातं लवायच्या आत बॅटरी चार्ज करणारा रेक्टिफायर जळतो. आपल्या वायरीवर लाल टेप काळ्या टोकाला चिकटलेली होती, हे मी त्याच दिवशी सांगितलं. आपण म्हणालात, "माझ्या लक्षात आहे." आपल्या लक्षात होतं. दुसरा कुणी ती वायर हातात घेईल, तेव्हा त्याच्या लक्षात काय असेल?

आपल्या मनगटातल्या पोलादी कड्याविषयीही दोन शब्द. दिल्लीत इतकी वर्षं राहून आपण ते हौसेने घालता, ते शोभतंही. पण धन टर्मिनलवर पाना फिरवताना कडं एकीकडे पान्याला आणि दुसरीकडे इंजिनाच्या धातूला टेकलं असतं, तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या कड्यातून गेला असता आणि ते हातात लाल झालं असतं. कडं, अंगठी, घड्याळ काढून खिशात ठेवायचं आणि डोळ्यांना चष्मा लावायचा. तेजाब उडालंच तर भरपूर स्वच्छ पाणी ओतायचं, आणि स्वच्छ म्हणजे यमुनेचं नव्हे. एवढे कष्ट आपण आमच्यासाठी नका घेऊ. घरी आपल्या दोन मुली आहेत, त्यांच्यासाठी घ्या.

बोट किनाऱ्याला बांधली नव्हती, याबद्दलही आभार मानायचे राहू नयेत. नाक चिखलात रुतलं होतं म्हणून आपल्याला ती स्थिर वाटली. इंजिनाने पहिला हिसका दिला आणि ती सुटली. लाइफ जॅकेटं होती, नाही असं नाही. बसायला टणक लागतं म्हणून ती फळ्यांवर अंथरली होती.

इंजिन लागलं. टाळ्या झाल्या. मी ओरडत होतो, "मागची धार बघा!" आपल्याला वाटलं मी कौतुक करतो आहे. बाहेरून लावायच्या मोटारीचं इंजिन नदीच्याच पाण्याने थंड होतं. खालच्या जाळीतून पाणी ओढलं जातं आणि मागून बोटाएवढी धार सतत पडत राहते. ती धार दिसली नाही तर इंजिन लगेच बंद करायचं, कारण पाणी ओढणारं रबरी चाक कोरडं फिरलं की बघता बघता त्याच्या पाकळ्या जातात. आपल्या यमुनेत जाळीला काय लागेल, याचा नेम नाही. पॉलिथिनची पिशवी, जलकुंभी, कुणाच्या पूजेची चुनरी. त्या दिवशी पिशवी होती. ती मी हाताने काढली, इंजिन बंद करून. परत चालू करताना आपण सेल्फ इतका वेळ दाबून धरलात की त्याच्या जळक्या वासाने मला शिंक आली. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त दाबायचा नसतो. नाही लागलं तर थांबायचं, सेल्फला निवू द्यायचं, मग पुन्हा.

यानंतर आपण जे केलंत त्याला उपमा नाही. चालू इंजिनावर आपण बोटीच्या बसलेल्या बॅटरीचे नट सोडवलेत. का, तर "ती मेलेली बॅटरी उगाच करंट खाते." जंपरराव, ती बॅटरी बसलेली असली तरी तिथे एक काम करत होती. इंजिन जी वीज तयार करतं ती खालीवर होणारी असते. रेक्टिफायर तिला सरळ करतो, रेग्युलेटर तिला साडेचौदा व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो, आणि बॅटरी मध्ये उशीसारखी बसून धक्के सोसते. चालू इंजिनावरून बॅटरी काढली की व्होल्टेज उसळतं आणि पहिला बळी रेक्टिफायरचा जातो. तसाच तो गेला. इंजिन चालत राहिलं म्हणून कुणाला कळलं नाही. सभेत आपल्याला शाल देत होते, तेव्हा आपल्या बोटीची बॅटरी चार्ज करणारा भाग जळून गेलेला होता. म्हणजे त्यानंतर ती प्रत्येक फेरीनंतर पुन्हा बसणार होती, आणि प्रत्येक वेळी आपल्याला बोलावणं येणार होतं. पुढच्या शालींची तरतूदच झाली.

आणि आता कबुलीजबाब द्यावा लागेल, पण तो आपल्याला. यातलं काहीही करायची गरज नव्हती. मंडळाचं इंजिन जुन्या घडणीचं, ४० अश्वशक्तीचं, टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरचं आहे. त्याची ठिणगी फ्लायव्हीलखालच्या मॅग्नेटोतून येते, तिला बॅटरी लागत नाही. वरचं टोपण काढायचं, फ्लायव्हीलच्या खाचेत दोरीची गाठ अडकवायची, दोन वेढे घालायचे आणि ओढायचं. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांना पंपासाठी आणि काँप्युटरसाठी थोडी तरी वीज लागते, तिथे दोरीने निभेलच असं नाही. आपल्याला निभलं असतं. फक्त अशा वेळी दांडा न्यूट्रलला आहे हे डोळ्यांनी बघून घ्यायचं, कारण सेल्फची ती राखणदार सोय दोरीला पुष्कळ इंजिनांत लागू नसते, आणि उघड्या फिरत्या चाकापासून ओढणी, बाह्या, केस लांब ठेवायचे. ती दोरी हत्यारांच्या पिशवीत असते. आपल्या बोटीच्या पिशवीत नव्हती. मंडळाचा फलक बांधायला आपण ती वापरलीत. फलक छान दिसत होता. त्यावर 'पूर मदत पथक' असं लिहिलं होतं.

आपण म्हणाल, एवढं काय त्यात, सरावच तर होता. म्हणून १३ जुलै २०२३ आठवून देतो. त्या दिवशी लोखंडी पुलाजवळ यमुना २०८.६६ मीटरवर गेली. धोक्याची खूण २०५.३३ ला आहे, आणि १९७८ च्या सप्टेंबरातला २०७.४९ चा उच्चांक तोवर पंचेचाळीस वर्षं टिकला होता. रिंग रोडवर पाणी, काश्मिरी गेटच्या बसअड्ड्यात पाणी, सिव्हिल लाइन्समध्ये, लाल किल्ल्याच्या भिंतीला, राजघाटावर पाणी. आपल्या मयूर विहारच्या नदीकाठच्या खादरातली शेतकरी माणसं म्हशी आणि चारपाया घेऊन रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली आली होती. ज्यांच्या शेतात आपल्या घरची भाजी पिकते, ती हीच. एनडीआरएफचे जवान रबरी बोटी घेऊन फिरत होते. आयटीओ बराजची काही दारं गाळात अडकून उघडेनात, तेव्हा लष्कराला बोलवावं लागलं. वापर नसलेलं यंत्र ऐन वेळी असंच रुसतं. त्याला कुणी जंपर मारू शकलं नाही. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात पाणी पुन्हा २०७ च्या वर गेलं. म्हणजे तो प्रसंग एकदाच येऊन गेला असं समजून आपण शाल घडी करून ठेवू नये.

बोट पुरात काय असते, हे आपल्याला दिल्लीत बसून कळत नसेल तर सांगली जिल्ह्याकडे बघा. ८ ऑगस्ट २०१९, पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. कृष्णेच्या पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि बायका-मुलांसह डझनाहून जास्त माणसं गेली. वाचवायला आलेली बोट होती ती. आणि १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेजवळ, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. ते तर प्रशिक्षित लोक. आपण आमच्या बोटीची चाचणी घेतलीत तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उभी राहून सात-आठ पोरं आपलं चित्रण करत होती, पंख्याच्या बाजूला. त्यांना बाजूला व्हा म्हणायला आपल्याला सवड झाली नाही, कारण आपण कॅमेऱ्याकडे बघत होता.

आता माझं खरं गाऱ्हाणं. दिल्लीच्या पुराची एक गोष्ट आपल्या कोकणच्या पुराला नाही. यमुना सांगून येते. हरियाणात हथनीकुंड बराजवरून पाणी सोडलं की ते दिल्लीला पोचायला साधारण दोन-तीन दिवस घेतं. २०२३ मध्ये ११ जुलैला तिथे साडेतीन लाख क्युसेकच्या वर आकडा गेला आणि तो सगळ्या बातम्यांत होता. बसलेली बॅटरी नीट चार्जरला लावली तर एका रात्रीत, फार तर दीड दिवसात भरते. म्हणजे या शहरात पुराच्या कामासाठी ठेवलेल्या बोटीला जंपर मारण्याची वेळ यावी, असं एकही कारण निसर्गाने ठेवलेलं नाही. जे कारण उरतं ते आपण आहात, आणि आपल्याला टाळ्या देणारे आम्ही.

तेव्हा, महाराज, एक कृपा करावी. शाल आपली. सल्लागारपदही आपलंच असू द्या, कुणाला नको आहे. फक्त बॅटरीची जबाबदारी आमच्याकडे द्या. थंडीत ती बोटीवरून काढून सुक्या खोलीत ठेवू, महिन्याला एकदा मीटर लावू, चार्ज करू. टर्मिनलची पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊ, कोरडं करू, वर ग्रीस लावू. हाताने फिरवायचे पंखवाले नट काढून न सुटणारे नट घालू, कारण बोटीच्या हादऱ्यांनी पंखवाले सैल होतात. इंजिन स्वतः बॅटरी भरतं ते थेंबाथेंबाने. तासभर फेरी मारली म्हणून बसलेली बॅटरी उभी राहत नाही, हेही नव्या पोरांना सांगू. एक बंद डब्यातला चांगला जंप पॅक घेऊ, उलट जोडणी झाली तर करंटच न देणारा, आणि त्यालाही महिन्याला एकदा चार्जिंगला लावू. दोरी पिशवीत ठेवू, पिशवीला कुलूप लावू, आणि फलक सुतळीने बांधू.

त्या ई-रिक्षावाल्या पोराला पुढच्या सरावाला बोलावणार आहे. तो आला तर चाळीस जणांसमोर जोडणीचा क्रम तोच करून दाखवेल. आपण अवश्य यावं. पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवतो. कडं घरी ठेवून यावं.

कळावे, लोभ असावाच, पण बोटीपासून दहा हात लांबून.

आपला,
मंडळाचा एक सामान्य सभासद

ता. क. जळलेल्या रेक्टिफायरचं बिल सोबत जोडलं आहे. पथकाच्या खात्यात तेवढे पैसे नाहीत, आणि दिल्लीत पाऊस जूनच्या शेवटी येतो. कृपया त्याआधी भरावं.